क्लाऊडच्या गोदामाला कुलूप आहे, पण चावी एकच नाही
चितेगावच्या एका कापड व्यापाऱ्याचा अनुभव आणि व्यापारी-कारागीर बंधूंना चार गोष्टी

व्यापारी बंधूंनो, गेल्या वर्षी लग्नसराईत माझ्या दुकानात एक प्रसंग घडला. तो सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे पटणार नाही, म्हणून आधी तो सांगतो.

माझे दुकान शहरात आणि गोदाम पैठण रस्त्यावर चितेगावला. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे या गावाचे नाव सर्वांना माहीत झाले. पुढे तो उद्योगसमूह २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. आम्ही लहान माणसे मात्र आमच्या गोदामांसह तिथेच आहोत. दुकानात मुलगा बसतो, गोदामावर मुनीमजी. दोघांना एकच हिसाब दिसावा म्हणून मुलाने हिसाबाची सगळी फाईल इंटरनेटवरच्या एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवली. सेवा कोणाची ते सांगत नाही, कारण दोष त्या सेवेपेक्षा आमच्या समजुतीचा जास्त होता.

दोन महिने सगळे झकास चालले. एके दिवशी आमच्यासाठी शाली विणणारे एक बुजुर्ग कारागीर मजुरी घ्यायला आले. त्यांच्या हिशोबाने ६,४०० रुपये निघत होते. संगणकावर २,१०० दिसले. मुलगा नम्रपणे म्हणाला, "चाचा, कॉम्प्युटर चूक करत नाही." चाचांनी कुर्त्याच्या खिशातून एक मळकी डायरी काढली. तिच्यात तारीखवार नोंदी होत्या आणि प्रत्येक नोंदीखाली माल उतरवून घेणाऱ्या मुनीमजींची सही होती. डायरी खरी निघाली. संगणकात तीन दिवसांच्या नोंदीच नव्हत्या.

ती डायरी नसती तर मी त्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवले असते, वर तो खोटे बोलतो असेही मनात धरले असते. ४,३०० रुपये हा माझ्यासाठी एका गिऱ्हाइकाचा व्यवहार आहे, त्यांच्या घरात तो महिन्याचा किराणा आहे. त्या रात्री मला झोप आली नाही. मग जाणकारांना विचारून आणि या सेवांच्या नियमपुस्तिका मुलाकडून वाचून घेऊन जे समजले ते इथे मांडतो. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले, इंग्रजी कामापुरते. त्यामुळे जे मला समजले ते कोणालाही समजेल.

दोन वेगळ्या वस्तू, एकच नाव

बाजारात "क्लाऊड स्टोअरेज" या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. आपला पहिला घोटाळा इथेच होतो.

पहिली वस्तू नक्कल ठेवणारी. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स या त्या जातीच्या. समजा एका थानाचे तुकडे तुम्ही शहरातल्या दुकानात आणि चितेगावच्या गोदामात ठेवले. एका ठिकाणी तुकड्यावर काही भरतकाम केले की एक पोऱ्या धावत जाऊन दुसऱ्या तुकड्यावर तेच करून येतो. फाईल दोन्ही संगणकांवर वेगवेगळी असते आणि मधला पोऱ्या ती सारखी करत राहतो. आता दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेगवेगळे भरतकाम सुरू झाले तर पोऱ्याने काय करावे? कधी तो दोन्ही तुकडे वेगळ्या नावाने ठेवून देतो, कधी नंतरचा तुकडा आधीच्या तुकड्याच्या जागी बसतो. आमचे तीन दिवस असेच गेले. लाइटच्या लपंडावात गोदामाचे नेट बंद होते, मुनीमजी तिथे नोंदी करत राहिले आणि इकडे मुलगाही करत राहिला. नेट आले तेव्हा एकाचे काम दुसऱ्याच्या खाली गाडले गेले.

हिसाबाच्या सॉफ्टवेअरचा डाटा एका फाईलमध्ये नसून एकमेकांशी जोडलेल्या अनेक फाईलींमध्ये असतो, हे आणखी वाईट. पोऱ्याने काही फाईली दुकानच्या आणि काही गोदामाच्या उचलल्या तर खातेवही एका सालाची आणि रोजमेळ दुसऱ्या सालाचा, अशी गत होते. म्हणून माझे पहिले मत स्वच्छ आहे: चालू हिसाबाची फाईल अशा फोल्डरमध्ये उघडी ठेवून त्यावर दोघांनी काम करू नये. संध्याकाळी हिसाब बंद करून त्याची नक्कल तिथे टाकावी, इतकाच तिचा उपयोग.

दुसरी वस्तू थेट वापरायची. तिला नेटवर्क फाईल स्टोअरेज म्हणतात. ॲमेझॉनची ईएफएस, मायक्रोसॉफ्टची अझूर फाइल्स, गूगलची फाईलस्टोअर या त्या जातीच्या. यात थान एकच, ते कंपनीच्या गोदामात. सगळ्यांनी तिथूनच मोजून घ्यायचे. एक जण मोजत असताना दुसऱ्याला थांबवायची सोय, म्हणजे कुलूप, यात असते. ही कल्पना नवी नाही. सन मायक्रोसिस्टीम्स या कंपनीने १९८४ मध्येच एनएफएस नावाची पद्धत काढली आणि ईएफएस आजही तिच्याच पुढच्या आवृत्तीवर चालते. पण ती पद्धत एका इमारतीतल्या संगणकांसाठी जन्मली होती. आपण तिला साडेतीनशे किलोमीटर दूर नेऊन बसवले, की तिच्या मर्यादा दिसू लागतात.

टेम्पो मोठा केला तरी रस्ता तेवढाच

सेवा विकणारा तुम्हाला वेग सांगतो: शंभर एमबीपीएस, दोनशे एमबीपीएस. ती टेम्पोची रुंदी झाली, एका फेरीत किती माल येतो ती. पण फेरीला किती वेळ लागतो तो हिसाब वेगळा आहे आणि तो कोणी सांगत नाही.

चितेगावहून मुंबई साधारण साडेतीनशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन सातशे किलोमीटरला साडेतीन मिलिसेकंद, आणि याहून कमी वेळ कोणत्याही कंपनीला लावता येणार नाही. प्रत्यक्षात तारा वळणावळणाने जातात, मध्ये ठाणी असतात, म्हणून वेळ त्याच्या कितीतरी पट लागतो. आपण वीस मिलिसेकंद धरू. एका मोठ्या फाईलला यामुळे फरक पडत नाही. पण तुमच्याकडे डिझाइनच्या दहा हजार छोट्या फाईली आहेत आणि प्रत्येकीसाठी विचारणे, उघडणे, बंद करणे अशा तीन फेऱ्या लागतात. तीस हजार फेऱ्या गुणिले वीस मिलिसेकंद म्हणजे सहाशे सेकंद. दहा मिनिटे नुसती ये-जा करण्यात गेली, माल अजून हललाच नाही. दुकानातल्याच दुसऱ्या संगणकावर फाईली असत्या तर फेरी एका मिलिसेकंदाच्या आतली आणि तेच काम अर्ध्या मिनिटात.

माल चढवण्याचा वेग हीही वेगळी बाब. उतरवण्याचा वेग जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो, चढवण्याचा लहान. चढवण्याचा वेग दहा एमबीपीएस असेल तर शंभर जीबी डिझाइन वर पाठवायला ऐंशी हजार सेकंद, म्हणजे बावीस तासांहून जास्त लागतात. आणि तेही वीज आणि नेट एकदाही न जाता. आपल्याकडचे हाल तुम्हाला माहीतच आहेत.

वीज-नेटवर आणखी एक संकट आहे ते सरकारी आदेशाचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि आपल्या जिल्ह्यात इंटरनेट काही तास बंद ठेवण्यात आले होते. कारण काहीही असो, त्या वेळात ज्याचा सगळा हिसाब आकाशात आहे त्याचे दुकान उघडे असून बंद असते.

कमी ठेवाल तर हळू चालाल

ईएफएसच्या जुन्या पद्धतीत एक मजेशीर नियम आहे. तुम्ही जितका माल ठेवाल तितका वेग मिळतो. एक टीबी ठेवल्यास सेकंदाला पन्नास एमबीचा कायम वेग, शंभर जीबी ठेवल्यास सुमारे पाच एमबीचा. मधूनमधून जास्त वेग वापरता येतो, पण त्यासाठी शिल्लक साठवावी लागते. शंभर जीबीवाल्याला सेकंदाला शंभर एमबीने लिहिण्याचा वेग दिवसाला ७२ मिनिटे पुरतो, इतकीच शिल्लक जमते. शिल्लक संपली की गाडी परत बैलगाडी. लहान व्यापाऱ्याला सकाळी जलद वाटणारी सेवा दुपारनंतर का रेंगाळते, याचे कारण कित्येकदा हे असते. आता नवी पद्धत आली आहे, तिच्यात ही अडचण नाही, पण तिथे जितका माल हलवाल तितके पैसे. म्हणजे भाडे जागेचे वेगळे आणि हमाली वेगळी. घेताना दोन्हींचा दर विचारा.

दुसरी गोष्ट, ईएफएस विंडोज संगणकावर चालत नाही. ती लिनक्सवाल्यांसाठी आहे. आपल्या बाजारात बहुतेक बिलिंग विंडोजवर चालते. विंडोजवाल्यांसाठी अझूर फाइल्स आहे, पण ती ४४५ क्रमांकाच्या दरवाजातून बोलते आणि व्हायरसच्या भीतीने अनेक इंटरनेट कंपन्या तो दरवाजा बंदच ठेवतात. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय नावाचा व्हायरस याच वाटेने शिरला होता. पैसे भरून झाल्यावर हे कळले तर तो पैसा पाण्यात. सेवा घेण्याआधी आपल्या नेटवाल्याला एक फोन करा.

नावातही अडचण, आणि ती आपल्या लिपीची

ही गोष्ट ऐकून मला आश्चर्य वाटले. ईएफएससारख्या जागी फाईलचे नाव २५५ बाइटपेक्षा मोठे चालत नाही. इंग्रजीचे एक अक्षर एक बाइट खाते, उर्दूचे दोन, आणि देवनागरीचे तीन. मात्रा आणि वेलांटीसुद्धा वेगळ्या मोजल्या जातात. "पैठणी" हा शब्द तुम्हाला तीन अक्षरांचा दिसतो, यंत्राला तो पाच चिन्हांचा, म्हणजे पंधरा बाइटचा. याचा अर्थ इंग्रजीत २५५ अक्षरांचे नाव चालते, उर्दूत १२७ अक्षरांचे, आणि मराठीत ८५ चिन्हांचे. विंडोज मात्र चिन्हे मोजते, बाइट नाही. म्हणून दुकानच्या संगणकावर जे लांब मराठी नाव बिनतक्रार चालले, ते वर चढवताना अडते. आमच्या डिझाइनरची सवय होती की काठ, बुट्टा, रंग, गिऱ्हाइकाचे गाव, सगळे फाईलच्या नावात लिहायचे. आता आम्ही नाव छोटे ठेवतो आणि बाकीचा तपशील वहीत.

आणखी एक गंमत. जीएसटीच्या नियमात बिलाचा क्रमांक सोळा चिन्हांपर्यंत असतो आणि त्यात तिरकी रेघ चालते. आपण सगळे "१२३/२४-२५" असेच लिहितो. पण तिरकी रेघ फाईलच्या नावात चालत नाही. वनड्राइव्हमध्ये तर तारका, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन टिंब, उभी रेघ यांनाही बंदी आहे आणि फोल्डरांसकट पूर्ण पत्ता ४०० चिन्हांच्या आत बसावा लागतो. शिवाय एकूण तीन लाखांपेक्षा जास्त फाईली जुळवत बसू नका, असा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे. बिलांच्या फाईलींना एकच साधा नमुना ठरवा: साल, आडवी रेघ, क्रमांक. आजच ठरवला तर पाच वर्षांनी रडावे लागणार नाही.

"अमर्याद" हा शब्द ऐकला की खिसा धरा

गूगल फोटोंची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ रोजी संपली. तेव्हापासून फोटो, ईमेल आणि ड्राइव्ह मिळून पंधरा जीबी. जागा भरली की ईमेल येणेही थांबते आणि गिऱ्हाइकाची ऑर्डर परत जाते. ड्रॉपबॉक्सने धंद्यासाठीची "हवी तेवढी जागा" ऑगस्ट २०२३ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. गूगलने दोन वर्षे न वापरलेली खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकायला सुरुवात केली. ज्यांनी जुन्या डिझाइनांसाठी वेगळे खाते काढून ते विसरून ठेवले आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर ते उघडून पाहावे. काढलेली फाईल गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत तीस दिवस राहते, नंतर जाते. एखाद्या नोकराने चुकून काढली आणि तुम्हाला चाळीसाव्या दिवशी कळले तर कोणाकडे दाद मागणार?

मोठ्यांचेही बुडते

कोणी म्हणेल, "भाईसाहब, तुमची चूक तुमच्या अडाणीपणाची. मोठ्या कंपन्यांकडे असे होत नाही." तर ऐका. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीचे एक संपूर्ण डाटा सेंटर आगीत जळाले. ज्यांनी दुसरी नक्कल वेगळ्या ठिकाणी ठेवली नव्हती, त्यांचे सगळे गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या आवृत्तीतील बिघाडाने काही लोकांच्या कित्येक महिन्यांच्या फाईली दिसेनाशा झाल्या आणि गूगलला दुरुस्तीचा मार्ग काढावा लागला.

सर्वांत मोठा धडा दक्षिण कोरियाचा. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी माहिती केंद्रात बॅटरीमुळे आग लागली. सरकारी नोकर जिथे आपली कागदपत्रे ठेवत ती जी-ड्राइव्ह नावाची व्यवस्था त्यात नष्ट झाली. ८५८ टीबी माहिती गेली. तिची बाहेर नक्कल नव्हती. का नव्हती? तर माहिती फार मोठी आहे, तिची नक्कल ठेवणे जमत नाही, असे कारण सांगितले गेले. ज्या देशाचे फोन आपण खिशात घेऊन फिरतो त्या देशाची ही गत. मग आपण काय समजून एकाच जागी सगळे ठेवतो?

कायदाही नक्कल मागतो

जीएसटी कायद्याप्रमाणे हिसाबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२३-२४ सालाची नेहमीची मुदत ३१ डिसेंबर २०२४, म्हणजे ते कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवेत. हिसाब संगणकावर असेल तर अपघात किंवा नैसर्गिक कारणाने तो नष्ट झाला तरी वाजवी वेळात परत उभा करता येईल अशी नक्कल ठेवा, असे नियमातच लिहिले आहे. ज्यांची नोंदणीकृत कंपनी आहे त्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून रोजची नक्कल भारतातल्याच सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. अधिकारी समोर बसला असताना "साहेब, क्लाऊडमधून गेले" हे उत्तर चालणार नाही.

मग काय करावे?

मी क्लाऊडच्या विरोधात नाही, हे साफ सांगतो. दुकानाला आग लागली, पाणी शिरले, चोराने संगणक नेला, तर बाहेर ठेवलेली नक्कलच वाचवते. मुलाचे हे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. माझे म्हणणे इतकेच की ते गोदाम आहे, गल्ला नाही. गल्ला दुकानात असावा.

आम्ही आता असे करतो. चालू हिसाब दुकानातल्या एकाच संगणकावर. गोदामाचे मुनीमजी दूरवरून त्याच संगणकावर येऊन नोंद करतात, त्यामुळे फाईल एकच राहते. नेट नसेल तेव्हा ते कच्च्या वहीत लिहितात आणि नंतर चढवतात. रात्री हिसाब बंद झाला की तारीख घातलेली नक्कल क्लाऊडमध्ये जाते. दर जुम्म्याला दुकान बंद असते, त्याच्या आदल्या रात्री एक नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती घरी नेतो आणि डिस्कची तार काढून ठेवतो. तार लावलेली राहिली तर व्हायरस तिच्यातही शिरतो. जाणकार याला तीन-दोन-एक म्हणतात: तीन नकला, दोन प्रकारच्या साधनांवर, एक बाहेर. आणि महिन्यातून एकदा एखादी जुनी नक्कल उघडून पाहतो. जी नक्कल उघडत नाही तिला नक्कल म्हणण्यात अर्थ नाही.

डिझाइनबद्दल कारागीर बंधूंना वेगळे सांगतो. औरंगाबादचा हिमरू जॅकार्डच्या मागावर आला तेव्हा नक्षी भोकांच्या पत्त्यांवर उतरली. जॅकार्डची ती युक्ती १८०४ ची. पत्ता फाटला तर एक ओळ बिघडायची, बाकी नक्षी शाबूत. आजच्या फाईलचे तसे नाही. मधला एक तुकडा बिघडला तर पुष्कळदा पूर्ण फाईलच उघडत नाही. म्हणून ज्या नक्षीवर तुमच्या घराचे पोट आहे तिची एक छापील प्रत काढून ठेवा. आणि नक्षी कोणाच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकताना कोणाकोणाला उघडण्याची परवानगी आहे ते पाहा. दुवा ज्याच्या हाती, नक्षी त्याच्या हाती, अशी ढिलाई सर्रास चालते.

शेवटी माझ्यासारख्या मालकांना. कारागिराची मजुरी आपल्या संगणकात आहे, त्याच्याकडे काही नाही. म्हणजे त्याची अमानत आपल्याजवळ आहे. यंत्र बिघडले तर नुकसान त्याचे आणि शब्द आपला, हे न्यायाचे नाही. म्हणून आमच्याकडे आता प्रत्येक कारागिराला एक छोटी वही दिली आहे. माल उतरला की तिच्यात नोंद आणि सही, मगच संगणकात. दोन्हींत फरक निघाला तर वही खरी धरायची, असे मी मुलाला सांगून ठेवले आहे. वह्यांचा खर्च वर्षाला माणशी वीस रुपये आला.

ते चाचा परवा पुन्हा आले होते. नवी वही त्यांनी घेतली, पण जुनी मळकी डायरी खिशातून काढली नाही. मी त्यांना काही म्हणालो नाही.